निर्माल्य आणि मंजिरी

पूजेला बसणारा माणूस आधी काही वाहत नाही, आधी काढतो. कालची फुले उचलून निर्माल्यात जातात, देव पुसले जातात आणि मग परडीतली ताजी फुले चढतात. कोमेजलेले फूल देवाला चालत नाही, हे कुणाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. निर्माल्य पायदळी येऊ द्यायचे नाही, इतका त्याचा मान राखला जातो. पण ते देवावर राहू द्यायचे नाही, कारण त्याचे दिवस भरले. या घरगुती शिस्तीच्या पोटात सौंदर्याविषयीचे एक ठाम मत बसलेले आहे: वनस्पतीचे सौंदर्य फुलण्यात असते, आणि वाळणे म्हणजे ते ओसरणे. बहुतेक कवींनी, बहुतेक संतांनी आणि जवळजवळ साऱ्या माळ्यांनी हे मत मान्य केलेले आहे. मला ते चुकीचे वाटते, आणि त्याविरुद्धचा पहिला पुरावा त्याच देवघरात सापडतो. फुले काढून टाकल्यावर मागे काय उरते ते पाहावे. तांदळाच्या मुठीवर गणपती म्हणून मांडलेली सुपारी ही एका झाडाची वाळलेली बी. अक्षता म्हणजे न मोडलेले दाणे. कलशावरचा नारळ, संक्रांतीचे तीळ ही त्याच गोतावळ्यातली. जपमाळेतला रुद्राक्ष म्हणजे फळाचा गर झडून गेल्यावर राहिलेली आठळी. आणि समईतली वात ज्या कापसाची, तो कापूस म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेले केस. बोंड वाळून उकलल्याशिवाय ते हाती येत नाहीत. फूल देवाला वाहतात. देव म्हणून मात्र सुपारी बसवतात.

कुणी म्हणेल, या वस्तू टिकाऊ आणि बारमाही मिळणाऱ्या म्हणून पूजेत आल्या, त्यात सौंदर्यदृष्टी शोधणे म्हणजे ओढूनताणून आणलेला अर्थ. व्यवहाराचा भाग मान्य आहे. पण मग तुळशीचे काय करायचे? शिळी फुले वर्ज्य ठरवणाऱ्या धर्मशास्त्रानेच तुळस आणि बेल यांना शिळेपणाच्या नियमातून वगळले आहे. तुळशीचे लग्नही ती कोवळी आणि हिरवीगार असताना लागत नाही. ते लागते कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत, पावसाळ्यात फोफावलेले रोप बीवर आलेले असते तेव्हा. या दिवसांत वृंदावनातली तुळस जवळून पाहण्यासारखी असते. शेंड्यांचा जांभळट रंग जाऊन ते तपकिरी झालेले असतात. प्रत्येक मंजिरी म्हणजे एका बारीक दांड्यावर मजल्यामागून मजले, आणि प्रत्येक मजल्यावर फुलांचे कोश गोलाकार मांडलेले. कोशाचा वरचा ओठ रुंद आणि गोल, खालचा टोकदार दात्यांचा. पाकळ्या केव्हाच गळालेल्या असतात, पण कोश गळत नाही. तो कागदी होतो, खाली कलतो आणि आतल्या चार इवल्या बिया धरून राहतो. मंजिरी तळहातावर चोळली की तूस एकीकडे होते, दाणे एकीकडे, आणि वास मात्र अजून तसाच असतो. विठ्ठलाच्या गळ्यातल्या हारात या मंजिऱ्या असतात, आणि वारकऱ्याच्या गळ्यातली माळ त्याच रोपाच्या वाळलेल्या काष्ठाची असते. एवढ्या मोठ्या संप्रदायाने आपली ओळख म्हणून कोणतेही फूल निवडले नाही, वाळलेले लाकूड निवडले, याला निव्वळ योगायोग म्हणणे मला जड जाते.

आचारात असलेली ही जाण विचारात मात्र उतरली नाही. वाळणाऱ्या वनस्पतीकडे पाहून आपल्याकडच्या तत्त्वचिंतकांनी जवळजवळ एकमुखाने एकच धडा काढला, तो अनित्यतेचा. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत वंदनेच्या वेळी फूल वाहताना जी गाथा म्हणतात तिचा आशय असा, की हे फूल जसे कोमेजते तसाच हा देहही नाशाकडे जातो. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात संसारवृक्षाचे वर्णन किती तरी ओव्यांतून रंगत जाते. एक पान गळते तोच दुसरे फुटते, आणि हा बदल इतका वेगाने चालतो की अजाणत्याला झाड अक्षय वाटते. पण एवढे बारकाईने पाहून शेवटी करायचे काय, तर ज्ञानाच्या शस्त्राने ते झाड तोडायचे. चौदाव्या शतकातला जपानी भिक्षू केन्को याने याच्या उलट दिशेने विचार केला. फुले ऐन बहरात असतानाच पाहावीत का, गळालेल्या पाकळ्यांनी भरलेली बागही पाहण्याजोगी नसते का, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न फार सुंदर आहे, आणि आजकाल दिवाणखान्याच्या सजावटीपर्यंत पोहोचलेली ‘वाबी-साबी’ची आवड त्याच घराण्यातली आहे. तरी बौद्ध उपासक, ज्ञानदेव आणि केन्को या तिघांचेही एका गोष्टीवर एकमत आहे: वाळलेले म्हणजे उणे झालेले. कुणी त्या उणेपणातून विरक्ती घेतो, कुणी हुरहूर. ते उणे आहे का, हे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे असे, की बीवर आलेली, वाळून उभी राहिलेली वनस्पती ही फुलाची शिल्लक नव्हे. ती त्या वनस्पतीची पूर्ण झालेली अवस्था आहे, तिचे सौंदर्य हे पूर्णतेचे सौंदर्य आहे, आणि ते पाहायला दुःखाची फोडणी लागत नाही.

कोमेजणे हा फुलावर आलेला घाला आहे, या कल्पनेपासूनच सुरुवात करू. ऑर्किड, पिटुनिया, कार्नेशन अशा कित्येक फुलांमध्ये परागीभवन झाल्याबरोबर फुलाच्या आत इथिलीन वायू तयार होऊ लागतो आणि त्याच्या इशाऱ्याने पाकळ्या मिटतात, सुकतात. परागकण मिळाला नाही तर तेच फूल जास्त दिवस ताजे राहते. म्हणजे ज्या टवटवीवर आपण भाळतो ती पुष्कळदा अजून न झालेल्या कामाची खूण असते, आणि कोमेजणे ही झाडाने स्वतः केलेली कृती असते. पाकळ्यांत गुंतवलेली द्रव्ये काढून घेऊन ती बीकडे वळवली जातात. झेंडूचेच पाहा. दसऱ्याला दारावर बांधलेले तोरण दिवाळीपर्यंत वाळून जाते, ते कुणी कुंडीत कुस्करून टाकले की काही दिवसांत रोपे उभी राहतात. निर्माल्य म्हणून उचललेल्या त्या फुलाच्या पोटात काळ्या बारीक काड्यांसारख्या, टोकाला फिकट झुपका असलेल्या बियांची जुडी तयार होत असते. फूल संपले असे आपण म्हणतो तेव्हा आपला त्याच्याशी असलेला व्यवहार संपलेला असतो, एवढेच.

पण याहून बोलका पुरावा माळरानावर आहे. कुसळ मराठी माणसाला ठाऊक असते ते एक तर म्हणीतून, नाही तर धोतरात आणि मोज्यांत घुसल्यामुळे. कार्तिक-मार्गशीर्षात डोंगरउतारांवर सोनेरी-तपकिरी झालेल्या कुसळी गवताचा एक तुरा हातात घेतला तर दिसते ते असे: तळाशी सुईच्या टोकाची बी, त्या टोकावर मागे वळलेले राठ केस, आणि बीच्या माथ्यातून निघालेले लांब, काळपट, दोरीला पीळ द्यावा तसे पिळलेले कुसळ. रात्री दव पडले की हा पीळ सुटतो, दुपारी ऊन तापले की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्याने बी जमिनीत शिरत जाते, आणि मागे वळलेल्या केसांमुळे शिरलेली बी परत वर येत नाही. आता यातले लक्षात घेण्याजोगे असे, की बीच्या आतला अंकुर जिवंत असला तरी कुसळ स्वतः मेलेले असते. त्यात एकही जिवंत पेशी उरलेली नसते. त्याच्या भिंतींचे थर ओल लागल्यावर कमीजास्त फुगतात म्हणून ते वळते. बाकी कसलीही प्रेरणा तिथे नाही. तरीही ते जे करते ते अत्यंत नेमके काम आहे, आणि जिवंतपणी, हिरवे असताना, त्याला ते करता येत नव्हते. मरण ही इथे कामाची पूर्वतयारी आहे. हे एकट्या गवताचे वैशिष्ट्य आहे असेही नाही. बहरलेल्या आंब्याच्या खोडातून पाणी शेंड्यापर्यंत चढते ते ज्या नलिकांतून, त्या नलिकांच्या पेशी काम सुरू होण्याआधीच मेलेल्या असतात. जिवंत आणि मृत यांच्यामधली रेघ बहर आणि वाळण यांच्या दरम्यान ओढता येत नाही. ती प्रत्येक हिरव्या झाडाच्या आतून पहिल्यापासूनच गेलेली असते.

इथे एक जुना वाद आठवतो, आणि तो या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जाणारा आहे. अचेतन प्रकृती पुरुषासाठी हेतुपूर्वक कशी काय वागते, असे विचारल्यावर सांख्यकारिकेत ईश्वरकृष्णाने दुधाचा दाखला दिला: दूध अचेतन असूनही वासराच्या पोषणासाठी पाझरते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात हा दाखला खोडून काढला. दूध आपोआप पाझरत नाही. त्यामागे चेतन गाईचे वात्सल्य असते आणि वासराचे चोखणेही असते. खंडन चपखल आहे, कारण दाखलाच कच्चा होता. सांख्यांनी माळावर जाऊन कुसळ उचलले असते तर आचार्यांचे काम अवघड झाले असते. तिथे गाय नाही, वात्सल्य नाही, चोखणारे कुणी नाही. रोप तर केव्हाच वाळून गेले आहे. अर्थात वेदान्ती तरीही हार मानणार नाही. अंतर्यामी सर्वत्र आहे, दवातही आहे आणि पिळातही, असे तो म्हणेल. आणि हे म्हणणे कुसळाने खोटे पडत नाही. मला त्या दोघांत निवाडा द्यायचा नाही. सांख्य खरे मानले तर मृत द्रव्यातही व्यवस्था आहे, वेदान्त खरा मानला तर मृत द्रव्यातही चैतन्याची सत्ता आहे. दोन्ही पक्षी वाळलेला तुरा म्हणजे प्रेत, हे समीकरण टिकत नाही. ज्या दर्शनांनी इतका खोल वाद घातला त्यांच्याच छायेत वाढलेल्या काव्याने सुकलेल्या फुलावर सरसकट मरणाचा शिक्का मारावा, याचे मला नवल वाटते. अपवाद आहेत. कालिदासाच्या ऋतुसंहारातला हेमंत पिकलेल्या साळीच्या शेतांनी सुरू होतो, आणि आपल्याकडे दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने बाराही महिन्यांना सारखाच मान दिला.

एवढे सगळे मान्य केले तरी त्यातून फार तर वाळलेली वनस्पती उपयोगी आहे, कार्यरत आहे, इतकेच सिद्ध होते. ती सुंदर आहे हे कुठे सिद्ध झाले? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर नेदरलँड्सच्या एका माळ्याने बागांतून दिले आहे. १९४४ साली जन्मलेला पीट आउडोल्फ याने हुमेलो या गावात १९८२पासून स्वतःची बाग केली, आणि झाडे निवडताना फुलाच्या रंगापेक्षा वाळल्यानंतर उरणाऱ्या सांगाड्याला अधिक वजन दिले. शिकागोची लुरी गार्डन (२००४) आणि न्यूयॉर्कमध्ये १९८०पासून बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ साली खुली झालेली हाय लाइन, या दोन्ही सार्वजनिक बागांची लागवड त्याची. तिथे शरद संपताना सुकलेली झाडे छाटत नाहीत. एकिनेशियाच्या पाकळ्या झडतात आणि मधला काळा, काटेरी गोंडा ताठ उभा राहतो. त्यावरच्या बियांच्या ओळी दोन्ही दिशांनी वळत गेलेल्या दिसतात. उंच गवतांचे तुरे फिकट होतात, सेडमची सपाट छत्री गंजाच्या रंगाची होते, त्यावर हिम साठते, पक्षी दाणे टिपायला येतात. छाटणी होते ती थेट वसंताच्या तोंडावर. हे पाहायला ऐन थंडीत माणसे जातात आणि आनंदाने पाहतात. मर्ढेकरांचा लयसिद्धांत इथे कामी येतो. संवेदनांमधल्या संवाद, विरोध आणि समतोल अशा संबंधांत ते सौंदर्य पाहतात, आणि बहरात रंगाच्या गलबल्यात हे संबंध नीट ऐकूच येत नाहीत. रंग उतरल्यावर रेषा, पुनरावृत्ती आणि पोत मोकळे होतात. मंजिरीचे मजले तुळस हिरवी असतानाही होतेच. ते दिसतात मात्र ती वाळल्यावर.

हे अर्धेच उत्तर आहे, कारण नुसत्या आकारावर भागत असते तर प्लॅस्टिकच्या तुऱ्यानेही भागले असते. रंगवलेली, वार्निश मारलेली वाळकी बोंडे दुकानांतून मिळतात. त्यांना आकार आहे, पण त्यांच्यापुढे फार वेळ उभे राहवत नाही. कांटचे मत याच्या विरुद्ध पडते. १७९०च्या त्याच्या सौंदर्यविचारात फूल हे स्वतंत्र सौंदर्याचे उदाहरण म्हणून येते: फूल कशासाठी असते हे वनस्पतिशास्त्रज्ञाखेरीज क्वचितच कुणाला माहीत असते, आणि रसिक म्हणून पाहताना तोही ते ज्ञान बाजूला ठेवतो. फुलाच्या बाबतीत हे पटते. पण ज्वारीच्या दोन शेतांची कल्पना करावी. दोन्ही लांबून सारखीच वाळलेली, सारखीच बदामी. एकातले कणीस भरून वाळले आहे. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका उमटला आहे, म्हणजे दाणा पक्व झाला. दुसऱ्यातले फुलोऱ्यातच पाणी तुटल्याने करपले आहे, हातात घेतले तर पोचट. आकृती जवळजवळ एकच, पण जाणत्याच्या डोळ्याला एक देखणे आणि दुसरे पाहवत नाही. कांट म्हणेल, हा सौंदर्याचा निवाडा नव्हे, हे पोट बोलते आहे. तसे असते तर ज्याच्या दाण्यावर कुणाचे पोट चालत नाही अशा तणांच्या बाबतीत हा फरक नाहीसा व्हायला हवा होता. तो होत नाही. बांधावरच्या कुर्डूचा तुरा घ्या. त्याची पाकळीसारखी दिसणारी दले मुळातच कोरडी असतात, त्यामुळे तो वाळला तरी मोडत नाही, फक्त गुलाबी रंग जाऊन रुपेरी होतो. आणि त्या दलांच्या आत काळ्याभोर, चकचकीत बिया असतात. त्या बियांचे भान ठेवून पाहिलेला तुरा आणि नुसते रुपेरी टोक म्हणून पाहिलेला तुरा यांत फरक पडतो, आणि कुर्डूच्या बियांशी कुणाचे पोट बांधलेले नाही. ज्ञानाने इथे स्वार्थ आणला नाही. समोरचा आकार कशाचा आहे हे सांगितले. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त सौंदर्यविचाराच्या दोन ध्रुवांची ओढ दाखवून दिली आहे, एक जीवनापासून अलग होणारा आणि दुसरा जीवनात मुरलेला. वाळलेले कणीस या दोन ध्रुवांच्या मधोमध उभे आहे, आणि कांटने दुय्यम ठरवलेल्या अवलंबी सौंदर्याला त्याच्यासाठी तरी वरचा पाट द्यावा लागतो.

ज्वारीच्या दाखल्याने दुसऱ्या एका, अधिक बोचऱ्या आक्षेपालाही वाट मिळते. वाळलेल्यात सौंदर्य पाहणे हे भरल्या पोटीचे चाळे आहेत. १९७२च्या दुष्काळात कोरड्या रानाकडे पाहून कुणाला पोत आणि रेषा सुचल्या असतील? नसतीलच, आणि सुचायलाही नको होत्या. करपणे आणि पिकून वाळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि माझा सारा युक्तिवाद त्या अंतरावरच उभा आहे. ते अंतर सर्वांत आधी आणि सर्वांत अचूक ओळखतो तो शेतकरीच. ही दृष्टी त्याला परदेशी बागांकडून उसनी घ्यावी लागत नाही. उलट शहरात, जिथे महापालिकेच्या बागेत एक सुकलेली काडी दिसली की तिच्यावर कात्री चालते, तिथे ती हरवली आहे.

विरक्तीच्या बाजूने येणारा आक्षेप मात्र सहज निकालात काढता येत नाही. वैराग्याचा उपदेश करणारा म्हणेल: कोमेजणाऱ्या फुलाने माणसाला जागे करायचे असते. तुम्ही त्या कोमेजण्यालाही देखणे ठरवलेत, म्हणजे जागे होण्याची शेवटची संधीही करमणुकीत घालवलीत. मोहाला नवे घर मिळाले, बस. या बोलण्यात वजन आहे, कारण मरणाला सजवून गोड करण्याची खोड माणसाला आहेच. पण मोहाची लक्षणे काय असतात ते पाहिले तर हा आरोप वाळलेल्या बोंडावर बसत नाही. मोह हवेपणातून चालतो. फूल बोलावते, त्याचा रंग, वास, मध ही सगळी कुणाला तरी दिलेली हाक आहे, आणि ती भुंग्याला दिलेली असली तरी माणूसही तिला ओ देतो, खुडतो, माळतो, विकतो. वाळलेला तुरा कुणालाच हाक देत नाही. फार तर तो पायजम्याला चिकटतो. त्याच्याकडे पाहणारा काही घ्यायला आलेला नसतो. निःस्वार्थ पाहणे हे वैराग्याचे एक अंग असेल तर त्याचा सराव इथे फुलापेक्षा चांगला होतो. फक्त त्यासाठी जगाला तुच्छ लेखण्याची अट राहत नाही. ज्ञानदेवांनी संसारवृक्ष तोडायला सांगितला हे खरे, पण त्याआधी ते ज्या मायेने पानापानाशी थांबले ते तोडण्याची घाई झालेल्या माणसाचे थांबणे वाटत नाही. वैराग्याचा उपदेश चुकतो असे मला म्हणायचे नाही. तो ज्या दृश्यावर आधारला आहे ते दृश्य घाईत पाहिलेले आहे, एवढे म्हणायचे आहे.

आता एक आडवळणाचा प्रश्न तुळशीनेच उभा केलेला. बागेचा थोडाफार अनुभव असलेला कुणीही सांगेल, की तुळस हिरवी ठेवायची तर मंजिऱ्या खुडत राहा. बीवर गेली की रोप उतरते. सल्ला बरोबर आहे. बीचा खर्च रोपाच्या अंगावर येतो. म्हणजे आपल्याला हवी असलेली सदाहरित तुळस ही तिचे काम पुरे होऊ न दिलेली तुळस असते. सह्याद्रीतल्या कारवीला असे कुणी थांबवत नाही. ती आठव्या वर्षी एकदाच फुलते (बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ला आणि मग २०२४ला), बी धरते आणि मरते. तिची वाळलेली बोंडे तडकताना टक्‌टक् आवाज येतो आणि आतल्या आकड्यांच्या झटक्याने बिया दूर उडतात. तिच्या काठ्यांचे कूड करून, वर शेणमाती लिंपून डोंगरातल्या लोकांनी घरे उभारली. खुडलेली तुळस आणि न खुडलेली कारवी यांत कोणती अधिक सुंदर, असे विचारले तर माझे मत उघड आहे. पण खुडणाऱ्यालाही मी चूक ठरवणार नाही. त्याला रोजची पाने हवी आहेत, आणि रोप त्याच्या अंगणात आहे.

याच ठिकाणी युक्तिवादाला लगाम घालावा लागतो, कारण इथून पुढचे पाऊल फार मोहाचे आहे. वनस्पतीचे पिकून वाळणे सुंदर, म्हणून माणसाचे म्हातारपणही तसेच सुंदर. तिचे मरण कृतार्थ, म्हणून आपलेही. असे लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि सांत्वनपर भाषणांत ते खपूनही जाते. मला ते मान्य नाही. बी हे रोपाच्या जगण्याचे प्रयोजन म्हणता येते. माणसाच्या जगण्याचे प्रयोजन त्याने मागे काय ठेवले यावर मोजायला लागलो, तर ज्यांना मूल झाले नाही, ज्यांचे काम अर्धे राहिले, जे तरुणपणी गेले, त्या सगळ्यांना पोचट कणसांच्या राशीत टाकावे लागेल. तसे करणारा समाज आपल्याकडे होता, अजूनही आहे, आणि त्याची किंमत बहुतेक बायकांनी मोजली आहे. म्हणून मंजिरीचे सौंदर्य मंजिरीपाशीच ठेवावे. कठोपनिषदाने हा भेद फार बारकाईने पाळला आहे असे मला वाटते. मृत्यूला दिल्याचे बाप रागाच्या भरात बोलून गेल्यावर नचिकेत त्यालाच समजावतो: मर्त्य माणूस धान्यासारखा पिकतो आणि धान्यासारखाच पुन्हा उपजतो. उपमा अचूक आहे, आणि बापाला धीर द्यायला ती पुरते. पण तोच मुलगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहून तीन वर मिळवतो, आणि तिसऱ्या वरात विचारतो, की माणूस मेल्यावर तो असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात. यातले खरे काय ते सांग. धान्याच्या उपमेने हा प्रश्न सुटला असता तर त्याला तो विचारावा लागला नसता. यम त्याला हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य देऊ करतो, पण मुलगा ऐकत नाही.